मी सांभाळलेलं लॉगिन

लॉगिन सांभाळणाऱ्या माणसाकडे किस्से आपोआप साठत जातात. सगळं नीट चालू असलं की कुणी तुमचं नावही काढत नाही, आणि अडलं की अख्खं गाव तुमच्या टेबलापाशी! दुसऱ्यांची फजिती रंगवून सांगायला मजा येते. माझी अडचण एवढीच, की माझ्या किश्शांत येडा बहुतेक वेळा मीच असतो.

जुन्नर तालुक्यात एका ट्रस्टचा छोटा दवाखाना आहे. तिथले कॉम्प्युटर लिनक्सवर चालतात, म्हणजे कुणीही आतून उघडून बदलावी अशी मोकळी सिस्टिम. त्यातला ‘तू कोण, पासवर्ड बरोबर आहे का, आत सोडू का’ असं विचारणारा भाग माझ्याकडे. मी पेठ गावाहून रोज मोटरसायकलनं जातो.

* * *

रेकॉर्ड रूमचे बबनकाका बोरी बुद्रुकचे. मी नियम काढला: पासवर्डात मोठं अक्षर, छोटं अक्षर, आकडा आणि चिन्ह पाहिजेच. काका अडकले, तेव्हा मीच एक पासवर्ड टाकून त्यांना फोनवर सांगितला. दुसऱ्या दिवशी बघतो तर तो प्रिंटरवर मार्करनं लिहिलेला!

पेशंटसमोरच माझा आवाज चढला. “काका, काय हे? कुणी वाचलं म्हणजे?”

“मी नाय लिवलं, राव! तुमी फोनवर केवढ्यानं वरडत व्हता. शिपायानं ऐकलं, त्यानं लिवून ठेवलं.”

बाकावरच्या एका आजींनी तर तो चिन्हासकट म्हणून दाखवला!

* * *

मग म्हटलं, काकांनी स्वतःच पासवर्ड बदलावा. त्यांनी बदलायला घेतला आणि स्क्रीनवर आलं, ‘ऑथेंटिकेशन टोकन मॅनिप्युलेशन एरर’. काकांनी घरी जाऊन नातीला अर्थ विचारला. तिनं फोनवर बघून सांगितलं, “मॅनिप्युलेशन म्हणजे लबाडीनं केलेला फेरफार.”

सकाळी काका माझ्यासमोर उभे. डोळे लाल. “इतकी वर्सं झाली, एक कागद इकडचा तिकडं केला नाय मी. आन हे मशीन मला लबाड म्हणतंय?”

खरं तर पासवर्डची फाइल मीच चुकून कुलूपबंद करून ठेवली होती, म्हणून कुणालाच बदल करता येईना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागितली आणि हौसेनं तो संदेश मराठीत केला: ‘प्रमाणीकरण-चिन्ह हाताळणी त्रुटी’.

काकांनी चष्मा लावून वाचलं. “आता तर लईच मोठं कलम लागलं!”

हल्ली तिथं एवढंच येतं: ‘पासवर्ड बदलला नाही. चूक तुमची नाही.’

* * *

एकदा लॉगिनच्या सेटिंगमध्ये एक ओळ चुकवली आणि सगळेच बाहेर राहिले. मीसुद्धा! डॉक्टर मॅडमनी विचारल्यावर तोंडातून निघून गेलं, “वायरिंगचा प्रॉब्लेम दिसतोय.”

मॅडमनी लगेच जुन्नरहून वायरमन युसूफभाईंना बोलावलं. तो भला माणूस आपलं दुकान बंद करून आला आणि दोन तास एकेक वायर तपासत बसला. तेवढ्यात मी पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू करून माझी ओळ गुपचूप दुरुस्त केली.

जाताना युसूफभाई माझ्याजवळ थांबले. “वायर एकदम चांगली हाय, भाऊ. तुमचा चेहरा तेवढा उतरलाय.”

* * *

ह्याच्यावर मात्र हसता येत नाही. तीनदा पासवर्ड चुकला की पंधरा मिनिटं लॉगिन बंद, हा नियमही माझाच. त्या दिवशी मी रजेवर होतो. दम लागलेली एक म्हातारी आली. तिला कोणतं इंजेक्शन चालत नाही, ते कॉम्प्युटरवर होतं. मॅडम ऑपरेशनमध्ये, ड्यूटीवर एकट्या शबाना सिस्टर. घाईत त्यांचा पासवर्ड तीनदा चुकला. त्यांनी मला फोन केला.

मी शांतपणे म्हणालो, “पंधरा मिनिटांनी आपोआप उघडेल.”

“भाऊ, पेशंटला काय सांगू? पंधरा मिनिटं दम रोखून बसा?”

सुदैवानं म्हातारीच्या सुनेच्या पिशवीत जुना कागद सापडला. म्हातारी वाचली. मी धावत दवाखान्यात पोचलो तेव्हा सिस्टरनी मला खुर्ची दिली. चहाचा कप पुढे केला. चहा तसाच ठेवून मी कॉम्प्युटरपाशी गेलो.

* * *

त्याच दुपारी तो नियम मी काढून टाकला. त्यानंतर आठ दिवस एकही तक्रार नाही! काका म्हणाले, “सिस्टिम लई भारी पळतीय, राव!” आणि सिस्टरनी मॅडमना सुचवलं, वर्धापनदिनी भाऊंचा सत्कार करायचा.

कार्यक्रमाच्या सकाळी घाईघाईत माझाच पासवर्ड चुकला, तरी मशीन उघडलं. मी मुद्दाम नुसतं ‘अअअ’ टाकलं. उघडलं! नियम काढताना मी पासवर्ड तपासणारी ओळच उडवली होती. आठ दिवस गावातल्या प्रत्येकाचं दुखणं, प्रत्येकाचा रिपोर्ट सताड उघडा.

ओळ परत बसवली आणि मॅडमना सांगायला निघालो, तोच हॉलमध्ये माझं नाव पुकारलं.

शाल अंगावर आली. सिस्टर माइकवर म्हणाल्या, “त्या दिवशी मी भाऊंवर चिडले व्हते. पण त्यांनी त्याच दिवशी दुरुस्ती केली.” टाळ्या. मी खाली मान घालून उभा.

तेवढ्यात मागच्या रांगेतून बबनकाका उठून उभे राहिले. “खरंय! आधी तीन-तीनदा टाकायला लागायचं. आता काय बी टाका, उघडतंय!”

पुन्हा टाळ्या.

डॉक्टर मॅडम माझ्या हातात नारळ देता देता थांबल्या.

“काय बी म्हणजे?”