ड्रमवाल्याचा उजवा पाय

दर रविवारी सकाळी आमच्या गंगापूर रोडच्या घरी नवऱ्याचे मित्र जमतात आणि रॉक संगीतावर सर्वांत जास्त प्रभाव कुणाचा, यावरून हमरीतुमरीवर येतात. एक जण अमेरिकेतल्या जुन्या ब्लूज गायकांची बाजू लावून धरतो, दुसरा इंग्लंडच्या बँडवाल्यांची. तिसरा चिवडा खातो. सगळे पन्नाशी ओलांडलेले, आणि एकालाही गिटार सुरात लावता येत नाही.

हे संगीत या घरात मी आणलं. लग्न होऊन सिन्नरहून आले तेव्हा माझ्या बॅगेत साड्यांखाली कॅसेट होत्या, जहाजावर नोकरी करणाऱ्या मामाने दिलेल्या. नवरा तेव्हा गझलांचा भक्त. "हा कसला आरडाओरडा?" म्हणायचा. मी त्याला शेजारी बसवून ऐकायला शिकवलं. एकदा मी त्याला म्हणाले होते, "गिटार काय, सगळ्यांनाच ऐकू येते. तू ड्रमवाल्याचा उजवा पाय ऐक, गाणं तिथून चालतं." त्याला ते इतकं पटलं की त्या दिवशी तो पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमचा ठोका शोधत कॅसेट मागे नेऊन नेऊन ऐकत बसला.

गेल्या रविवारी वाद गिटारवाल्यांवर येऊन अडला, तेव्हा नवऱ्याने हेच वाक्य मित्रांसमोर टाकलं. शब्द न् शब्द माझा.

"क्या बात है! कुठे वाचलंस?" ब्लूजवाल्याने विचारलं.

"वाचून येत नाही हे. त्याला कान लागतो."

अशी माझी वाक्यं त्याच्या तोंडून मी याआधीही ऐकली होती आणि मुकाट्याने स्वयंपाकघरात गेले होते. या वेळी चहाचा ट्रे टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "हे माझं वाक्य आहे. रॉक ऐकायला याला मी शिकवलंय."

सगळे हसले. "वहिनी, तुम्ही पण ना!"

सगळ्यांत मोठ्याने नवरा हसला. "अरे, हिला भावगीतांपलीकडे काही चालत नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी त्याही क्षणी मी नेहमीसारखी त्याचीच बाजू घेत होते. माणूस विसरतो, कुठलं वाक्य कुणाकडून ऐकलं हे कुणाच्या लक्षात राहतं, अशी स्वतःची समजूत घालत मी इतकी वर्षं काढली आहेत.

मित्र गेल्यावर त्याने दार लावलं आणि माझ्याकडे वळला.

"चारचौघांत बोलायची काय गरज होती? ते तू सांगितलेलं आहे, हे मला काय माहीत नाही?"