तीनदा आलेली एकच क्वेरी

माझा पिंड सगळं तपासून बघणाऱ्याचा. घरात अंगारा आणला तर तो कुठून आला विचारणारा मी, त्यामुळे आईची बोलणीही खाल्लेली आहेत. तरीही हे लिहितोय, कारण या एका गोष्टीचा उलगडा मला अजून झालेला नाही…

घर अकोल्याला, जठारपेठेत. नोकरी नांदगाव पेठच्या एका कापड कारखान्यात, सगळं सॉफ्टवेअर माझ्याकडे. तिथे वासुदेवभाऊ म्हणून जुने स्टोअरकीपर होते, वलगावचे. कोणतीही खोली बंद करण्याआधी ते दारात उभं राहून तीनदा हाक द्यायचे, "हाय काय कोनी आत?" तिसऱ्या हाकेनंतर जरा थांबायचे आणि मगच कुलूप. तरुणपणी एका जिनिंगमध्ये सरकीच्या गोदामात झोपलेला मजूर दोन दिवस कोंडला गेला होता, आणि ते कुलूप त्यांनीच लावलं होतं.

मी सर्व्हर रूमला कार्डाचं कुलूप बसवलं तेव्हा भाऊंनी विचारलं होतं, "तुह्या या डब्यायले इचारता येते काय, आत कोनी हाय काय म्हून?"

डबे म्हणजे आमचे कंटेनर, एकाच सर्व्हरवर प्रोग्राम वेगवेगळे ठेवणारे कप्पे. एकात दाराचा प्रोग्राम, दुसऱ्यात डेटाबेस, आणि दोघं एकमेकांशी बोलले तरच दार उघडणार. मी हसून म्हणालो, "भाऊ, गरजच काय? कार्ड लावल्याशिवाय कोणी आत येतच नाही."

"येनाऱ्याचं नाई इचारलं बाप्पा, रायनाऱ्याचं इचारलं," ते म्हणाले. दिवाळीनंतर ते हार्ट अटॅकने गेले.

मे महिना, साप्ताहिक सुट्टीचा दिवस, दुपारचे दोन. सेटिंग बदलायला मी एकटाच गेलो. फोन बाहेर टेबलावर चार्जिंगला. घरी टेस्टिंग करताना लिहिलेली फाइल मी तशीच सर्व्हरवर टाकली आणि दोन्ही कंटेनर रिस्टार्ट केले. त्या फाइलमध्ये डेटाबेसचा पत्ता होता 'लोकलहोस्ट'. माझ्या लॅपटॉपवर ते ठीक, पण कंटेनरमध्ये लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतः! म्हणजे दाराचा प्रोग्राम आपल्याच पोटात डेटाबेस शोधत बसला. बाहेर पडायला कार्ड लावलं, लाल दिवा. पुन्हा लावलं… लाल.

तेवढ्यात लाइट गेली. सर्व्हर यूपीएसवर चालू राहिला, एसी मात्र बंद पडला. वीज गेली तरी बंदच राहणारं कुलूप मीच निवडलं होतं, सिक्युरिटी म्हणून. आतून उघडायचं बटण 'नंतर बसवू' म्हणून खोक्यातच पडलेलं, तेही बाहेर. इंटरनेट सकाळपासून तुटलेलं. यूपीएस पाऊण तासाचं, ते संपलं की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कोणी येणार नव्हतं. खोलीला खिडकी नाही आणि वर टिनाचं छत. दारावर लाथा घातल्या, ओरडलो. गेट पार तिकडे, कोणाला ऐकू जाणार?

पत्ता दुरुस्त केला. दोन्ही कंटेनर एका नेटवर्कमध्ये टाकले. 'कनेक्शन रिफ्यूज्ड', म्हणजे डेटाबेस जोडूनच घेईना. पुन्हा केलं, पुन्हा तेच. घामाने बोटं कीबोर्डवरून घसरत होती आणि श्वास पुरेना. खरं सांगतो, मी रडलो. आईला सकाळी फोन करायचा राहिला होता, सारखं तेच डोक्यात येत होतं.

यूपीएसची शेवटची सात मिनिटं उरली होती, आणि डेटाबेसच्या लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदवहीत, एक ओळ आली. कोणीतरी कनेक्ट झालं होतं. ते जिथून आलं तो पत्ता आमच्या कुठल्याच कंटेनरचा नव्हता. क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, साधी होती: ज्यांची आत आल्याची नोंद आहे आणि बाहेर गेल्याची नाही, अशी नावं द्या. उत्तरात एकच नाव गेलं, माझं.

थोड्या वेळाने पुन्हा तीच क्वेरी. मग तिसऱ्यांदा.

त्यानंतर काहीच नाही. मी स्क्रीनकडे बघत राहिलो… आणि कुलूप टक् करून उघडलं.

गेटवरचा चौकीदार मला पाहून दचकलाच. "साहेब, तुमी आतच होते? मले वाटलं कवाचेच गेले!"

नंतर शांतपणे सगळं तपासलं. डेटाबेसही त्याच फाइलमुळे फक्त स्वतःचंच ऐकत होता, बाहेरून कोणाचं कनेक्शन येणंच शक्य नव्हतं. दाराच्या प्रोग्रामकडे 'उघड' अशी आज्ञा गेल्याची नोंद नाही. आणि आत कोण राहिलंय हे विचारणारी क्वेरी माझ्या सगळ्या कोडमध्ये कुठेच नाही. गरज नाही म्हणून मी ती कधी लिहिलीच नव्हती.

पुण्याच्या एका मित्राला लॉग दाखवला. तो म्हणाला, उष्णतेने हार्डवेअर गंडलं असेल. असेलही. पण गंडलेलं हार्डवेअर तीनदा विचारून थांबतं का?

आता त्या दाराला साधं कुलूप-किल्ली आहे. संध्याकाळी मीच लावतो. दारात उभा राहून तीनदा हाक देतो, कामावरच्या नवीन पोरी हसतात. तिसऱ्या हाकेनंतर मीही जरा थांबतो.