विलायतेचा व्हॉल्व

घरात सगळ्यांना वाटतं, मला क्रिकेटचा तिटकारा आहे. नातवंडं टीव्हीसमोर बसली की मी उठून आत जाते आणि भांडी आपटते. सून म्हणते, आईंना आवाज सहन होत नाही. मला आवाज चांगला सहन होतो. मला राग माझ्या मोठ्या भावाचा आहे, आणि त्याने रेडिओत बसवलेल्या एका काचेच्या नळीचा आहे. इतकी वर्षं झाली तरी तो उतरलेला नाही, आणि उतरावा असं मला वाटतही नाही.

आम्ही अकोल्याचे. बौद्ध धम्म घेतल्याला दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा भाऊ सरकारी कचेरीत लागला. आमच्या वस्तीतला तो पहिलाच. बाबा जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या गाठी बांधायचे, माय हंगामात कापूस वेचायला जायची आणि हंगाम संपला की जिनिंगमध्येच कापूस निवडायची. भावाने पगारातून जुना रेडिओ विकत आणला, तेव्हा अर्धी वस्ती आमच्या खोलीत मावेना. लाकडी पेटी, पुढे पिवळसर काच, आत दिव्यासारख्या काचेच्या नळ्या. त्यांना व्हॉल्व म्हणतात हे मी तेव्हाच शिकले. बटण फिरवलं की त्या आधी तापायच्या आणि मग आवाज यायचा. नागपूर केंद्र असं लख्ख लागायचं, की माय बाजारभाव ऐकतानासुद्धा पदर सावरून बसायची.

मी अमरावतीला वसतिगृहात राहून कॉलेज करत होते. तिथल्या आमच्या बाईंनी माझं नाव नागपूरला कळवलं आणि स्त्रियांच्या कार्यक्रमात एक छोटं भाषण वाचायला मला बोलावणं आलं. तेव्हा असं भाषण तिथेच बसून वाचायचं आणि त्याच क्षणी ते घरोघरी ऐकू जायचं. एकदा हुकलं की हुकलं. मी विषय घेतला कापूसवेचणीचा. दव वाळेपर्यंत पराटीला, म्हणजे कापसाच्या झाडाला, हात का लावायचा नाही, वाळल्या बोंडाची टोकं बोटांत कशी शिरतात, पदराची ओटी कापसाने भरली की कंबर कशी भरून येते. सगळं मायचं होतं. तिचं नाव कुठे नव्हतं, पण प्रत्येक वाक्य तिच्या तोंडून ऐकलेलं होतं. विषय मी तिला सांगितला नाही. तिने तो त्या पेटीतूनच ऐकावा, अशी माझी इच्छा होती.

आता भावाचं ऐका. त्याच उन्हाळ्यात आपला संघ विलायतेला खेळायला गेला होता. कचेरीतले साहेब लोक तिथली कॉमेंट्री घरी ऐकायचे आणि दुसऱ्या दिवशी त्यावर बोलायचे. भावाला त्यात बोलायचं होतं. आमच्या रेडिओवर विलायत लागायची ती मधूनच, समुद्रात बुडत असल्यासारखी. त्याचा एक मित्र रेडिओ दुरुस्त करायचा. तो एका संध्याकाळी आला, मागची फळी काढून आत डोकावला आणि म्हणाला, "गड्या, पेटी चांगली हाय. पन हा व्हॉल्व कमजोर हाय. जास्त ताकदीचा टाकला न, तं विलायत या खोलीत येऊन बसते."

झालं. मी सुटीत घरी आले होते, आणि आठवडाभर घरात दुसरा विषय नाही. व्हॉल्व बदलायचा की नाही? की पेटीच विकून नवी घ्यायची? नवी परवडत नाही, जुनी सोडवत नाही, असं सगळं बोलून भाऊ पुन्हा व्हॉल्ववर यायचा. मित्र रोज येऊन चहा पिऊन जायचा. मी एकदाच विचारलं, "ताकदीचा व्हॉल्व टाकला तर बाकीची पेटी तेवढी ताकद झेपवीन का?"

"तुले काय समजते त्याच्यातलं?" भाऊ म्हणाला.

"मले नाई समजत. पन नागपूर लख्ख लागते, हे तं समजते न. माह्यं भाषण होऊ दे, मंग त्याच्यात बैल जुंप."

"तुया भाषणाले अजून टाइम हाय. तवरोक सामना संपून जाईन."

मी बाबांकडे पाहिलं. बाबा चिलीम भरत होते. म्हणाले, "मशीन त्याची हाय. त्याले समजते." आमच्या घरात असंच होतं. कमावता मुलगा बोलला की बाप चिलीम भरायचा.

निर्णय शेवटी घेतला मायने, आणि माझा जीव जळतो तो इथे. मित्राने तिला हळूच विचारलं, "काहो माय, पोरीचा आवाज मोठा आला पाहिजे का नाई?" माय चूल सारवत होती. तिने मान वर केली आणि म्हणाली, "मोठा येईन का? मंग टाका न बाबू." तिला वाटलं, नवा व्हॉल्व माझ्यासाठीच आहे. त्या दोघांपैकी एकानेही तिला खरं सांगितलं नाही. भाऊ तर हसला. तो हसला, ते मला अजून दिसतं.

व्हॉल्व बसला. आवाज वाढला यात शंका नाही. नागपूर आता घोगरं होऊन ओरडायला लागलं आणि विलायत पूर्वीसारखीच बुडत राहिली, फक्त समुद्राचा आवाज दुप्पट झाला. शिवाय पेटी अशी तापायची की वर हात ठेववत नसे, आणि जळक्या मेणासारखा वास यायचा. मित्र म्हणाला, "नवीन हाय न, रुळल्यावर बरोबर होते. फकस्त पेटी थंडी ठेवा."

थंड ठेवा! जून उजाडला होता, पावसाचा पत्ता नव्हता आणि अकोला भट्टीसारखं पेटलं होतं. साहेबांच्या बंगल्यात दाराला वाळ्याचे पडदे असतात. आमच्याकडे जिनिंगमधलं बारदान होतं. उन्हाळाभर ते आम्ही दारात टांगायचो, लोट्याने पाणी मारायचो, आणि त्यातून येणारा वारा गार लागायचा. भावाने डोकं चालवलं. पेटीची मागची फळी काढून टाकली आणि पेटी उघड्या पाठीने त्या बारदानाला लावून ठेवली. मायला बजावलं, "बारदान वाळू देऊ नको." मी म्हटलं, ओलावा आणि वीज एका जागी कशी ठेवतोस? तर म्हणे, तुझ्या कॉलेजात हेच शिकवतात का.

बाबांसोबत मी नागपूरला गेले. काचेच्या त्या खोलीत बसले, लाल दिवा लागला आणि मी वाचलं. आवाज कापला नाही. दव वाळायची वाट पाहण्याबद्दल वाचताना मला माय दिसत होती, पदर सावरून पेटीसमोर बसलेली. वाचून झाल्यावर तिथल्या बाईंनी पाठीवर हात ठेवला. मी गाडीत रात्रभर जागी होते, इतका आनंद झाला होता.

घरी आले तेव्हा पेटी अंगणात उघडी पडली होती, उन्हात वाळत. भाऊ दारातच म्हणाला, "मायनं पानी मारलं. व्हॉल्व तडकला. सांगतलं होतं, जपून मार म्हनून." माय मागे उभी होती आणि गुन्हेगारासारखी मान खाली घालून होती. ऐन भाषणाच्या आधी तिनेच पेटी चालू केली होती. ती तापलेली पाहून तिला भीती वाटली, की माझा आवाज यायच्या आत ही बंद पडेल. म्हणून तिने बारदानावर भरून लोटा मारला. थेंब आत उडाले. तापल्या काचेवर गार पाणी. आणखी काय होणार?

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी मायला विचारलं, "मंग तू काय केलं?"

"चौकातल्या हाटेलात गेली वं," ती म्हणाली. "तिथं रेडिओ हाय न."

चौकातल्या हॉटेलात बाया जात नसत. माय बाहेर, उन्हात, रस्त्याच्या कडेला उभी राहिली. आत विलायतेची कॉमेंट्री चालू होती, बाकड्यांवर माणसं दाटीने बसली होती. आणि त्या माणसांत माझा भाऊ होता. घरची पेटी बंद पडल्यावर तो सरळ तिथे जाऊन बसला होता. मायने त्याला खुणावलं. तो उठून आला नाही, तेव्हा तिने हाक मारली, सगळ्यांदेखत, की बाबू, जरा नागपूर लावाले सांग न, तुयी बहीण बोलून राहिली.

"मंग?"

"तो म्हने, ही ओव्हर होऊ दे. ओव्हर म्हंजे किती वेळ असते वं? मले वाटलं, झाली की लावतीन. मी उभीच होती."

मी भावाकडे वळले. तो चपला घालत होता, निघून जायच्या बेतात.

"तुले माईत होतं न, मी बोलून राहिली म्हनून?"

"होतं न. पन सामना लय रंगात होता. मधातच कसं बदलाले सांगू? लोकं काय म्हनतीन?"

लोकं काय म्हणतील. ज्या कॉमेंट्रीतलं इंग्रजी त्याला धड कळत नव्हतं, तिच्यासाठी त्याने मायला उन्हात उभं ठेवलं, आणि वरून व्हॉल्व फोडल्याचा ठपकाही तिच्यावरच ठेवला. मी त्या दिवशी त्याला जे बोलले ते वस्तीने ऐकलं. ते ऐकायला कुणाला व्हॉल्व लागला नव्हता.

भाषणाचा कागद माझ्या पिशवीत होता. माय म्हणाली, "वाचून दाखव न बाई." मी घडी उघडली, पहिली ओळ पाहिली आणि कागद मिटवला. मला ते जमलं नाही. माझा आवाज तर सुटीत घरी आले की ती रोजच ऐकायची. तिला तो एकदा नागपूरहून आलेला ऐकायचा होता.