शकूमावशींनी न पाहिलेलं कूर्ग

टूर संपली की मोठी पातेली घासून बदलापूरच्या ऑफिसच्या माळ्यावर जातात, चादरी धोब्याकडे जातात, उरलेला मसाला आम्ही वाटून घेतो. किस्से तेवढे कुठेच जात नाहीत. ते ऑफिसातच पडून राहतात आणि चहा आला की कुणीतरी एक उचलतं.

आमचा कारभार छोटा. मालक दिलीपदादा, माणसं मोजायला आणि कुणाचं काय दुखतंय ते विचारायला मी, आणि स्वयंपाकाला अंबरनाथच्या बुवापाड्यातल्या शकूमावशी. वर्षातून दोनदा आम्ही कूर्गला जातो. डोंगर, धबधबे, कॉफीचे मळे, हत्ती, सगळं त्या एका जिल्ह्यात आहे. आणि तिथेही घरचं जेवण मिळतं म्हणून लोक आमच्याबरोबर येतात.

मावशी सहा वर्षं येतायत, आणि त्यांनी कूर्गमधलं एकही ठिकाण पाहिलेलं नाही. सकाळी बस सुटते तेव्हा त्या डाळ निवडत असतात. संध्याकाळी सगळे मडिकेरीच्या राजा सीटवर सूर्यास्त बघायला जातात, तेव्हा त्यांची पीठ मळायची वेळ. एकदा मला म्हणाल्या, "बाकीचं जाऊ दे ताई. त्यो राजा बसायचा तिथं एकदा हुबं राहायचंय. येवढं काय बघत व्हता त्यो रोज?"

* * *

वांगणीचे एक काका होते. दिवसभर भागमंडल, तळकावेरी करून आलो आणि जेवताना त्यांच्या नातवाचा फोन आला. आजोबा, आज काय काय बघितलं? फोन स्पीकरवर, सगळे ऐकतायत. काकांनी ताटाकडे बघून जरा विचार केला आणि म्हणाले, "आज पिठलं आहे."

नातवाने पुन्हा तेच विचारलं.

"आणि ठेचा."

आम्ही हसून हसून बेजार! मावशी मात्र हसल्या नाहीत. त्यांनी काकांना आणखी एक भाकरी वाढली आणि विचारलं, कावेरी जिथून निघते ते कुंड केवढं आहे हो, आपल्या परातीएवढं? काका हाताने माप दाखवायला लागले. मग पाणी कसं होतं, पुजारी काय करत होता, वरच्या टेकडीवर वारा कसा होता, असं अर्धा तास बोलले. फोन चालूच होता. नातवाने सगळं ऐकलं.

* * *

आमचा मुक्काम एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी असतो. सगळे त्यांना अज्जी म्हणतात. अज्जींना तिथली भाषा येते, मावशींना आपली मराठी. हिंदी दोघींनाही नाही. तरी दुपारी दोघी मागच्या पडवीत मिरी पाखडत तासन्‌तास बोलतात.

एकदा दिलीपदादांनी विचारलं, मावशी, काय बोलता हो एवढं?

"सुनेचं सांगत व्हत्या."

"तुम्हाला काय कळतंय त्यांचं?"

"मग हात कशाला असं केलं असतं त्यांनी?" मावशींनी हात करून दाखवला. दिलीपदादांच्या घरीही सून आहे. त्यांनी तसाच हात करून पाहिला आणि मान डोलावली.

त्याच संध्याकाळी अज्जींनी मावशींना एका बाटलीत काळं आंबट दिलं, तिकडे चिंचेसारखं वापरतात ते. दुसऱ्या दिवशी आमटीत त्याचे चार थेंब पडले, आणि पहिल्या पंगतीतच संपली म्हणून आमटी दोनदा करावी लागली.

* * *

उल्हासनगरचे लालचंदशेठ, कपड्याचे व्यापारी. प्रत्येक गोष्टीचा भाव करणार. दुबारेला नदीत हत्तींना आंघोळ घालतात. शेठही पाण्यात उतरले आणि हत्तीने त्यांना सोंडेने नखशिखान्त भिजवलं. परत आले ते सगळ्यांना फोटो दाखवत.

मावशींनी आल्याचा चहा दिला आणि विचारलं, हत्तीच्या डोळ्याचा रंग कसा असतो?

शेठनी फोटो मोठा करून पाहिला. फोटोत हत्तीची सोंड होती आणि शेठ होते, डोळा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठ नाश्त्याला नाहीत. त्यांची बायको घाबरली, मीही घाबरले. माझ्या मोजणीत एक माणूस कमी! अकरा वाजता जीपमधून उतरले. जीपवाल्याने सांगितले तेवढे पैसे त्यांनी मुकाट्याने दिले, हे त्यांच्या बायकोला आजही पटत नाही. ते थेट चुलीपाशी गेले.

"आँख भूरी है मौसी," ते म्हणाले. "पूरी भूरी."

* * *

मावशींचं हे असं. "छान होतं का" असं त्या कधीच विचारत नाहीत. ॲबी धबधब्याला पायऱ्या किती, उतरताना हाताला धरायला काय आहे, पाणी एका धारेत पडतं की तुटून तुटून. तो धबधबा मी पाच वेळा पाहिला होता, पायऱ्या एकदाही मोजल्या नव्हत्या. आता मोजते, मावशींना खोटं कसं सांगणार?

मागच्या टूरला बेलवलीच्या दामले बाई होत्या, निवृत्त शिक्षिका. सकाळी मावशींनी त्यांना बजावलं, की खालच्या पायऱ्या ओल्या असतात, सावकाश उतरा, आणि जाताना मिरीचे वेल झाडांवर चढलेत तेही बघा. परत आल्यावर बाई म्हणाल्या, "अगदी त्यांनी सांगितलं तसंच निघालं. किती वेळा गेल्यात त्या?"

मी खरं ते सांगितलं. बाईंनी हातातला चहा खाली ठेवला आणि सगळ्या बायकांना खोलीत बोलावलं.

* * *

दुसऱ्या दिवशी दुपारी दामले बाई कमरेला पदर खोचून चुलीपाशी उभ्या. मागे आठ बायका आणि लाटणं घेतलेले वांगणीचे काका, ते दुसऱ्यांदा आले होते. बाई म्हणाल्या, आजचा स्वयंपाक आमचा, मावशी राजा सीटला जाणार.

मावशींनी खूप आढेवेढे घेतले. मिठाचा डबा दाखवला, तो परत दाखवला. शेवटी ट्रंकेतली जांभळी साडी नेसल्या आणि माझ्याबरोबर निघाल्या.

आम्ही बागेतून कठड्याशी पोहोचलो आणि खालून धुकं आलं. पाच मिनिटांत समोर नुसतं पांढरं. दरी नाही, डोंगर नाही, सूर्य कुठे आहे तेही कळेना. मला रडूच आलं. मावशी मात्र कठडा धरून समोर बघत उभ्या होत्या.

शेजारी नाशिकचं एक नवीन जोडपं होतं. नवरा म्हणाला, चल, इथे काहीच दिसत नाहीये.

"असं कसं?" मावशी म्हणाल्या. त्यांनी हात पुढे केला. "ही खाली भातशेती. तिच्या अंगानं रस्ता गेलाय, बारीक, नाडीसारखा. त्याच्या म्होरं एकामागं एक तीन डोंगर. पयला हिरवा, दुसरा निळा, तिसरा असून नसल्यासारखा. दुसऱ्या आन्‌ तिसऱ्याच्या मधी दिवस बुडतो. बुडताना आधी चपटा व्हतो, मग जातो."

जोडपं थांबलं. मागे निघालेले आणखी चारपाच जण परत आले. सगळे त्या पांढऱ्यात मावशींच्या बोटाच्या दिशेने बघत होते.

जोडप्यातल्या मुलीने विचारलं, "मावशी, तुम्ही नेहमी येता का इथे?"

मावशींनी पदराने चष्मा पुसून परत डोळ्यांवर लावला.

"पयल्यांदाच," त्या म्हणाल्या. "जरा हिकडं सरक बाळा, हितनं ब्येस दिसतंय."