अण्णांचा लाल दोरा

उभ्या वडगावात, किंबहुना बेळगावपासून निपाणीपर्यंत, कुठलीही वस्तू तिचा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय न वापरणारा माणूस एकच होता, आणि तो नेमका माझ्या भिंतीला भिंत लावून राहत होता. आमचे शेजारचे अण्णा. जन्मभर साड्यांचे पॉवरलूम, म्हणजे यंत्रमाग, चालवून आता घरी बसलेले. औषधाच्या खोक्यातला घडीचा कागद, बसच्या तिकिटाची मागची बाजू, लग्नपत्रिकेतली निमंत्रकांची यादी, सगळं त्यांच्या नजरेखालून जायचं. त्यांच्या मुलीला बघायला बोरगावचे पाहुणे आले, त्याच सकाळी घरात नवा मिक्सर आला होता आणि त्याची पुस्तिका अण्णांच्या हाती लागली होती. आक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, चटणीचं खोबरं घेऊन ताटकळल्या होत्या. "अवो, पावनं ताटावर बसल्यात!" "वॉरंटीचं पान ऱ्हायलंय," अण्णा शांतपणे म्हणाले. पाहुण्यांनी इडल्या कोरड्याच खाल्ल्या. तरीही लग्न जमलं, त्यामुळे अण्णा सुधारण्याची उरलीसुरली आशाही गेली.

साड्यांच्या काठांची नक्षी कॉम्प्युटरवर काढून देणं हा माझा धंदा. पंधरा वर्षांची नक्षी एका म्हाताऱ्या कॉम्प्युटरात होती आणि तो आता धापा टाकत होता. "नवी सिस्टिम ह्याला झेपायची न्हाय, भंगारात घाला," असा दुरुस्तीवाल्यानं निकाल दिला. मी तोंड पाडून बसलो होतो, तर अण्णा म्हणाले, "एक सिस्टिम हाय म्हणं, जुन्या कॉम्प्युटरवर बी चालती. आपल्याच हातानं एकेक भाग जोडून उभी करायची. कसं जोडायचं ते समदं लिवून ठेवलंय त्येंनी."

अण्णांनी तोवर कॉम्प्युटरला बोटही लावलं नव्हतं. दहावीचं इंग्रजी आणि एक फाटका शब्दकोश एवढ्यावर त्यांनी त्या सिस्टिमचं, म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचं, डॉक्युमेंटेशन छापून आणलं, तीन जाडजूड बाइंडिंगं केली आणि ओट्यावर बसून वाचायला घेतलं. समजलेल्या पानात हिरवा दोरा, न समजलेल्यात लाल. दोन महिने हे चाललं. फक्त रोज संध्याकाळी माझ्याकडे येऊन कॉम्प्युटरला एक पेनड्राइव्ह लावायचे. भजनं भरून घेत असतील, असं मला वाटायचं. मी काहीही विचारलं की एकच प्रश्न यायचा.

"वाचलास काय रं?"

"न्हाय, अण्णा. फोनवर धा मिनटांचा व्हिडिओ हाय की, त्यात समदं दाखवलंय."

"धा मिनटांत मागावरचा ताणा सांधतोस काय? एक तार चुकली तर साडी वाया जातीया. वाच की."

मी वाचलं नाही. अण्णा एका बारशाला बेळगुंदीला गेले होते, त्या दुपारी मी व्हिडिओ लावला आणि त्यात दाखवलेली कमांडची ओळ जशीच्या तशी टाइप केली. पडदा काळा झाला. पंधरा वर्षांची नक्षी, त्यातली निम्मी माझ्या वडिलांच्या हातच्या कागदांवरून उतरवलेली, सगळी पुसली गेली. वडील नव्हते आणि कागद कधीच वाळवीनं खाल्ले होते. मला रडू आलं, हे सांगायला आता लाज वाटत नाही.

अण्णा आले. मी टाइप केलेली ओळ त्यांना दाखवली. टोपी काढून त्यांनी दुसरं बाइंडिंग उघडलं. "ह्या ओळीला लाल दोरा हाय. मला बी अजून कळली न्हवती." मग खिशातल्या चष्म्याच्या डबीतून तो पेनड्राइव्ह काढून माझ्या हातावर ठेवला. "पयल्याच पानावर लिवलंय, हात लावायच्या आधी समदं काढून ठेवा म्हणून. रोज ठेवत हुतो." भजन एकही नव्हतं. सगळी नक्षी होती, आदल्या संध्याकाळपर्यंतची.

त्यानंतर आम्ही दोघांनी मिळून लाल दोरे एकेक करून हिरवे केले. सिस्टिम उभी राहिली आणि काळ्या पडद्यावर पहिली पांढरी ओळ उमटली, तेव्हा अण्णा एवढंच म्हणाले, "लागला माग." त्याच कॉम्प्युटरवर माझं घर आजही चाललंय.

गेल्या वर्षी आक्का आणि अण्णा मुलीकडे बेंगळूरला राहायला गेले. अण्णांची नजर आता अधू झाली आहे, बारीक अक्षर लागत नाही. बाइंडिंगं दोऱ्यांसकट माझ्याकडे ठेवून गेलेत. शेजारच्या दाराला कुलूप आहे आणि ओटा रिकामा आहे. कॉम्प्युटर अडला की मी बाइंडिंग काढतो, पान शोधतो, उत्तर सापडतं. ते सापडल्यावर अण्णांना फोन लावतो आणि काय अडलंय ते सांगतो.

"वाचलास काय रं?"

पान मांडीवर उघडंच असतं. मी म्हणतो, "न्हाय, अण्णा."

"मग वाच की मोठ्यानं. मी आयकायलोय."