तुकिनेम आजीची जागा

मोजणीवाले आले तेव्हा फितीचं दुसरं टोक तुकिनेम आजीनेच धरलं होतं. ते आठवलं की अजून माझं डोकं फिरतं. पाहुणा राबतोय आणि आपण नुसतं बघतोय, हे आम्हा जावा बेटावरच्या लोकांना जमत नाही. आजीने त्यांना गोड चहा दिला, तळलेला कसावा दिला आणि कब्रस्तानातून फीत नेताना बजावलं, "जपून रे बाळांनो, इथे माझा नवरा निजलाय. शेजारची जागा माझी, तुडवू नका."

दोन महिन्यांनी कळलं की ती गावाची नवी हद्द होती. ओढ्याअलीकडची आमची वाडी दुसऱ्या गावाला जोडली आणि कब्रस्तान जुन्या गावातच राहिलं. लगेच फाटकावर पाटी लागली: फक्त गावच्या रहिवाशांसाठी. आम्हाला विचारायला कुत्रंसुद्धा फिरकलं नव्हतं.

तीस वर्षं आजी दोन्हीकडच्या बायकांच्या मयताला आंघोळ घालत आलीय. मी पाणी ओतते, ती धुते. पाटी लागल्यावर ती तीनदा जुन्या गावच्या कचेरीत गेली. गावप्रमुख हारतांतो दर वेळी म्हणायचा, "बघतो आजी, वरून नियम आलाय."

मग त्याचीच आई, सुमिराह, वारली. माणूस मोटरसायकल घेऊन आजीला न्यायला आला.

"जाऊ नकोस," मी म्हटलं. "म्हणावं, आता तुमच्या गावची धुणारी शोधा."

"सुमिराहने का हद्द आखली होती?" आजी म्हणाली. "चल, बादल्या घे."

गेलो. तीनदा पाणी घातलं, शेवटच्या पाण्यात कापूर मिसळला. आजीने सुमिराहचे केस विंचरून तीन वेण्या घातल्या, पोटच्या लेकीच्या घालाव्यात तशा. निघताना हारतांतो हात जोडून म्हणाला, "फार उपकार झाले, आजी."

"उपकार राहू दे. माझ्या जागेचं काय ते बोल."

"बघतो," तो म्हणाला आणि मान फिरवली.

गुरुवारी आम्ही दोघी फुलं घेऊन कब्रस्तानात गेलो. आजीच्या नवऱ्याच्या शेजारी ताज्या मातीची कबर होती. वर सुमिराहचं नाव.

मला शिव्याच सुचल्या, आणि मी त्या दिल्या. आजीने अर्धी फुलं नवऱ्याला वाहिली, अर्धी सुमिराहला. "तुझा दोष नाही गं बाई," ती म्हणाली. "पण ही माझी जागा होती."

तिथून ती तडक हारतांतोच्या ओसरीवर गेली. तो उठून उभा राहिला.

"आजी, नोंदीत ती जागा रिकामी होती हो. कब्रस्तानाच्या कमिटीनेच..."

"खाली बस. तुझ्या आईला उकरून काढ म्हणायला नाही आले. माणूस आहे मी." आजीचा आवाज असा चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "मी मेले की ही मला आंघोळ घालील, कफन घालील, आणि वाडीतले लोक मला तुझ्या कचेरीच्या टेबलावर आणून ठेवतील. हद्द तुम्ही आखलीत ना? मग मला कुठे पुरायचं ते तूच शोध."

हारतांतो माझ्याकडे बघू लागला. त्याला वाटलं असावं, म्हातारी रागाच्या भरात बोलतेय, ही तरी समजूत घालील.

मी म्हटलं, "खांदा द्यायला चौघं ठरलेत. टेबल तेवढं रिकामं ठेवा."