आस्ताची ऊब

आस्ता क्विस्टला मी ओळखत होतो, असं म्हणायला जीभ धजत नाही. आमची दारं एकाच जिन्यावर समोरासमोर. पण तिच्या नवऱ्याचं नाव इव्हाल्ड होतं हे मला त्याच्या अंत्यविधीलाच कळलं.

आमच्या या डॅनिश शहरात घरोघर चूल पेटत नाही. कचरा जाळतात तिथली, कारखान्यांतली उष्णता पाण्यात घेतात आणि ते पाणी रस्त्याखालच्या नळांतून सगळ्यांच्या घरांत फिरतं. खोलीत भिंतीला लावलेल्या लोखंडी रेडिएटरमधून ते वाहतं आणि खोली तापते. आस्ता माझ्याकडे आली की आधी वाकून रेडिएटर खालून चाचपायची.

"अरे प्रेबेन, एकच खोली तापवतोस आणि पाणी कढत कढत परत पाठवतोस! सगळे रेडिएटर थोडे थोडे उघड. पाणी आपली ऊब घरात सोडून, गार होऊन गेलं पाहिजे."

मागच्या वसंतात स्मशानातल्या दाहिनीची उष्णताही या नळांत घ्यायची की नाही, यावर सभा झाली. कॉफी निवून गेली, केकला कुणी हात लावेना.

"म्हणजे उद्या मी माझ्या आईवर पाय शेकायचे?" खाटीक बेन्ट ओरडला.

आस्ता उठली. तिच्या दुखण्याबद्दल डॉक्टरांनी आशा सोडली होती, हे सगळ्यांना माहीत होतं.

"आत्ता ती उष्णता आभाळात जाते रे, बेन्ट. तिथं कोण गारठलंय?" लोक हसले. मग ती हळूच म्हणाली, "जन्मभर तुमच्यातली ऊब घेतली. जाताना माझी तुमच्यात जावी, एवढंच वाटतं."

पहिला हात बेन्टनेच वर केला. "पण नळातून हिची बडबड आली तर मी तक्रार करणार!"

उन्हाळाभर ती काठी टेकत खोदकाम बघायला जायची. काम पुरं होईपर्यंत आपण टिकू का, हीच तिला धास्ती. ऑक्टोबरात नळ जोडला गेला. ती नोव्हेंबरात गेली.

दहनाच्या संध्याकाळी मी रेडिएटरवर हात ठेवून उभा राहिलो. त्यात तिचं किती होतं, कोण सांगणार? कणभर असेल. पण तो कण सगळ्या शहरात वाटला गेला होता, मला, बेन्टला, तिला कधीच न पाहिलेल्या माणसांना. मला हे नीट लिहिता येत नाही. हात मात्र बराच वेळ काढवला नाही.

तिला दवाखान्यात नेत होते तेव्हा ती जिन्यात थांबली होती.

"सगळे उघडलेस ना?"

"उघडलेत, आस्ता. थोडे थोडे."

"बघ हं."